एक वाटी घडवा, रोज जेवायची

एक वाटी करा. कपाटात मांडायची नव्हे, रोज ताटात येईल अशी. तिला चाक लागत नाही, यंत्र लागत नाही, चित्रकलेची परीक्षा दिलेली असण्याची तर मुळीच गरज नाही. मूठभर माती, दोन हात आणि पंधरा-वीस दिवस थांबायची तयारी एवढं पुरे. भट्टी लागते, पण ती दुसऱ्याची चालते.

रोजच्या वापराचीच वाटी करा, हा आग्रह मुद्दाम आहे. सुट्टीतल्या मातीकामाच्या शिबिरातून बरेच जण एखादी शोभेची वस्तू घेऊन घरी येतात. न भाजलेली, वरून ॲक्रिलिक रंग, त्यावर वॉर्निश. ती दिवाणखान्यात जाऊन बसते आणि विषय तिथेच संपतो, कारण शोभेच्या वस्तूला पुन्हा कुणी काही विचारत नाही. वाटीची मात्र रोज परीक्षा असते. आमटी गरम असताना ती हातात धरवते का? काठ ओठाला टोचतो का? चमचा तळाच्या कोपऱ्यात अडखळतो का? घासताना नक्षीत खरकटं अडकतं का? फडताळात एकीवर दुसरी बसते का? हे प्रश्न पहिल्या दिवसापासून डोक्यात ठेवा. माती किती घ्यायची, भिंत किती जाड ठेवायची, रंग कुठे लावायचा आणि कुठे मुळीच लावायचा नाही, हे सगळं त्यांच्यावरूनच ठरतं. चांगली वाटी कशी ओळखायची, यासाठी मला तरी याहून सोपी कसोटी माहीत नाही.

चाकाचं भय आधी काढून टाका. कुंभारकाम म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चाकच येतं आणि ‘ते आपल्याला कुठलं जमायला’ म्हणून आपण मागे फिरतो. चाकावर माती मधोमध बसवायलाच कित्येक आठवडे जातात, हे खरं आहे. पण चाकावाचून घडवलेली भांडी कमअस्सल असतात, हे खरं नाही. मणिपूरमधल्या लोंगपी गावचे तांगखुल नागा कारागीर दगडाचा कूट आणि माती एकत्र मळून स्वयंपाकाची काळी भांडी घडवतात. तिथे चाक नाही, सगळं काम हातावर आणि साध्या अवजारांवर. जाळातून काढलेल्या गरम भांड्यावर झाडाची पानं घासून ते त्याला चमक देतात. जपानमध्ये सोळाव्या शतकात चोजिरो नावाच्या कारागिराने चहागुरू सेन नो रिक्यू यांच्यासाठी जे वाडगे केले, तेही हाताने उभे केलेले आणि कोरून हलके केलेले होते. राकू म्हणून ओळखलं जाणारं ते काम त्याच घराण्यात आजही चालू आहे. अमेरिकेत पॉलस बेरेन्सन यांनी 1972 साली केवळ चिमटीने घडवायच्या भांड्यांवर एक अख्खं पुस्तक लिहिलं. म्हणजे ही लहान मुलांची करमणूक नव्हे. ही भांडं करायची एक पूर्ण, पिकलेली रीत आहे, फक्त तिला भांडवल लागत नाही.

आता माती. अंगणातली किंवा शेतातली माती खणून सुरुवात करू नका. दख्खनची काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि सुकली की भेगाळते. उन्हाळ्यात रानात पडलेल्या भेगा आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत, त्याच वाटीला पडतील. गणपतीसाठी आणलेली शाडू घरात उरलेली असते, तीही नको. ती न भाजता वाळवायच्या मूर्तीसाठी घेतलेली असते, तिच्यावर वाटीचा भरवसा ठेवू नका. जवळच्या कुंभाराकडून भिजवून, गाळून, मळलेली माती घ्या किंवा मातीकाम शिकवणाऱ्या स्टुडिओतून तयार मातीचा गोळा विकत घ्या. घेताना एक प्रश्न न विसरता विचारा: ही माती किती तापमानाला भाजायची? मडक्यांची लाल माती साधारण 700 ते 900 अंश सेल्सिअसला भाजली जाते. स्टोनवेअरची, म्हणजे दगडासारखी घट्ट भाजली जाणारी माती 1200 च्या पुढे. लाल माती चुकून स्टोनवेअरच्या भट्टीत गेली तर ती वितळून बसते आणि खालच्या फळीचीही नासाडी करते. माती, ग्लेझ (भांड्यावरचा काचेचा थर) आणि भट्टी या तिघांचं तापमान जुळलंच पाहिजे. पुढची निम्मी रडकथा या एका प्रश्नाने टळते.

एका वाटीला साधारण 400 ग्रॅम माती घ्या. ‘एवढी मोठी कशाला’ असं वाटेल, पण माती आकसते. आधी वाळताना आकसते, मग भाजताना. स्टोनवेअरची माती एकूण 12 टक्के आकसते असं धरलं, तर 12 सेंटीमीटर तोंडाची ओली वाटी शेवटी साडेदहा सेंटीमीटरची उरते. हे तोंडापुरतं झालं. उंची, रुंदी आणि खोली तिन्हीकडून आकसल्यामुळे तिच्यात मावणारी आमटी जवळजवळ एक तृतीयांशाने कमी होते. म्हणून घरात वरणाला वापरता ती वाटी समोर ठेवा आणि तुमची ओली वाटी तिच्याहून ठळक मोठी करा. नाहीतर जेवायची वाटी करायला बसाल आणि चटणीची होईल.

माती मळण्यात कंटाळा करू नका. पाटावर गोणपाट पसरून तळहाताच्या टाचेने ती पुढे लोटायची, उचलून वळवायची, पुन्हा लोटायची. गोळा तारेने मधोमध कापून पाहा. कापलेला भाग सगळीकडे एकसारखा दिसला, आत पोकळ्या किंवा कोरडे खडे नसले, की मळणं झालं. मग तो दोन्ही तळहातांत थापटून गुळगुळीत करा. गोळ्यालाच भेग असेल तर वाटीलाही त्याच जागी भेग पडते. म्हणून पुढे जाण्याआधी ती बोटाने दाबून मिटवा.

उकडीच्या मोदकाची पारी ज्यांनी केली आहे, त्यांच्या हाताला पुढचं काम माहीत आहे. अंगठा आत, बोटं बाहेर, एक चिमूट, जरा फिरवायचं, पुन्हा चिमूट. फरक दोनच. पारी पातळ होईल तितकी चांगली, वाटीची भिंत मात्र पाच-सहा मिलिमीटरवर थांबवायची. आणि पारीचा काठ आपण पहिल्यांदा पातळ करतो, वाटीचा सगळ्यात शेवटी.

गोळा डाव्या तळहातावर घ्या आणि उजव्या हाताचा अंगठा बरोबर मध्यात खाली दाबत न्या. डावखुऱ्यांनी उलट करावं. तळाला एक सेंटीमीटर माती उरली की थांबा. अंदाज येत नसेल तर सुई टोचून बघा, छिद्र बोटाने बुजतं. आता तळापासून सुरुवात करायची. अंगठ्याचं पेर वापरा, टोक नको, नाहीतर नखाच्या खाचा पडतात. एक चिमूट झाली की वाटी अंगठ्याच्या रुंदीच्या निम्मी फिरवा, म्हणजे पुढची चिमूट आधीच्या चिमटीवर थोडी चढते. तळाची फेरी पूर्ण झाली की थोडं वर सरकायचं. काठ सध्या जाडच राहू द्या, तो जाड असेपर्यंत वाटी आपला गोलपणा सोडत नाही. घाई केली की भिंत एका बाजूला पातळ आणि दुसऱ्या बाजूला जाड होते. डोळे मिटून काम करून पाहा. जाडी डोळ्यांपेक्षा बोटांना जास्त चांगली कळते.

दोन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली, वाटी पसरत जाते आणि तिची बशी होते. चिमटीने माती नुसती वर जात नाही, आडवीही ताणली जाते, त्यामुळे तोंड मोठं होत जातं. उपाय असा, की सुरुवातीला तोंड मुद्दाम अरुंद ठेवायचं आणि वाटी ओंजळीत धरून मधूनमधून आत दाबत राहायचं. तरीही पसरलीच तर काठाला उभी पाचर कापा, दोन्ही कडा खरवडून, ओल्या मातीचा पातळ लगदा लावून जोडून टाका. दुसरी, काठाला बारीक चिरा पडतात. काठ उघडा असतो, तोच आधी सुकतो आणि हाताची ऊब त्यात भर घालते. चीर दिसली की आपण पाण्यात बोटं बुडवून तिच्यावर फिरवतो, तिथेच मोठी चूक होते. जास्त पाण्याने माती मऊ पडते, भिंत बसते आणि वाळताना तीच जागा पुन्हा उलते. बोट नुसतं ओलसर करा, चीर दोन्ही बाजूंनी दाबून मिटवा आणि काठावर ओल्या फडक्याची पट्टी ठेवून वाटी पंधरा-वीस मिनिटं उपडी घाला. त्या वेळात दुसरा गोळा हातात घ्या. एका बैठकीत एकच वाटी करायला बसू नये. तीन करा. एक विश्रांती घेते तोवर दुसरीचं काम होतं आणि तिसरीपर्यंत हात बसलेला असतो.

यातली पहिली वाटी तारेने मधोमध उभी कापा. ही सूचना ऐकून बहुतेकांचा जीव खालीवर होतो, पण कापाच. भिंत कुठे जाड राहिली, तळ आणि भिंत मिळतात तिथे मातीचा ढीग साठला का, काठ खालच्या भागापेक्षा पातळ झाला का, हे सगळं कापलेल्या अर्ध्या भागात एका नजरेत दिसतं. कुणी गुरू समोर नसेल तर हीच तुमची शिकवणी. बहुधा तळाच्या कोपऱ्यात जाडी सापडेल, तिथे अंगठा पोचत नाही. आणि यात वाया काहीच जात नाही. न भाजलेली माती पाण्यात टाकली की पुन्हा माती होते. बादलीत भिजत घाला, मळा, पुन्हा घ्या. भाजल्यावर मात्र ती वाट बंद होते. म्हणून मनासारखी नसलेली वाटी कच्ची असतानाच मोडायची सवय ठेवा.

काठाला शेवटी वेळ द्या. जेवणाच्या वाटीचा काठ गोल आणि भिंतीइतका किंवा किंचित जाड असावा. पातळ, धारदार काठ सुबक दिसतो आणि भांडी घासताना पहिल्याच आठवड्यात टवका उडतो. ओल्या चामड्याचा किंवा जाड प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा काठावर घडी घालून धरा आणि वाटी फिरवा, काठ दाबला जाऊन घट्ट होतो. काठ अगदी समपातळीत हवा असा हट्ट धरू नका. हाताच्या वाटीचा काठ थोडा लाटेसारखा वर-खाली झाला तर ओठाला काही त्रास होत नाही. बैठकीच्या बाबतीत मात्र तडजोड नको. डगमगणारी वाटी कुणी दुसऱ्यांदा हातात घेत नाही.

बैठकीचं काम दुसऱ्या दिवशी करायचं. वाटी प्लॅस्टिकच्या पिशवीत सैल झाकून ठेवा. नख लावलं तर खूण उमटते, पण बोटाने दाबलं तर भिंत वाकत नाही, अशी झाली की ती उपडी घ्या. जुन्या एटीएम कार्डाचा कापलेला तुकडा घेऊन बाहेरचा जादा भाग खरवडा. तळाच्या कोपऱ्यातली ती लपलेली जाडी आत्ता काढायची. मग मातीची बोटभर जाड वळी करून तळाला गोल जोडा. दोन्हीकडे ओरखडे काढून, मधे लगदा लावून, नीट दाबून. वाटी आणि वळी यांच्यात सारखाच ओलावा हवा. एक ओली आणि एक सुकी असली तर वाळताना दोघी वेगवेगळ्या आकसतात आणि सांधा सुटतो. वळीचा खटाटोप नको असेल तर तळ पाटावर हलके आपटून सपाट करा आणि अंगठ्याने मधला भाग थोडा आत दाबा. तशीही वाटी छान बसते.

नक्षीबद्दल माझं म्हणणं थोडं आग्रही आहे. सजावट म्हणजे शेवटी वरून चढवायची गोष्ट, असं आपण धरून चालतो. मातीत तसं नसतं. प्रत्येक नक्षीची एक वेळ असते आणि ती गेली की गेली. माती मऊ असतानाच छाप उमटतात: गोणपाटाचा, पिंपळाच्या पानाच्या शिरांचा, दोरा गुंडाळलेल्या काडीचा, कापडावर छपाई करायच्या जुन्या लाकडी ठशाचा. वाटी घट्ट झाली की रेषा कोरता येतात आणि पातळ मातीचा रंगीत लेप देता येतो. लाल वाटीवर पांढऱ्या मातीचा लेप द्या, तो हाताला लागेनासा झाला की बोथट सुईने खरवडा. खालची लाल माती रेषा होऊन वर येते आणि सरावाशिवायही ती रेषा जिवंत दिसते. पूर्ण सुकलेल्या वाटीला काही करू नका, त्या अवस्थेत ती सर्वांत ठिसूळ असते.

आपल्या कुंभारांची रीत आणखी सोपी आहे. गेरूचा लेप आणि गुळगुळीत खड्याने घोटाई. वाटी घट्ट असताना चमच्याच्या पाठीने किंवा नदीतल्या गोट्याने एकाच दिशेने घोटत राहा. मातीचे कण दबून बसतात आणि ग्लेझ न लावताही अंगाला झळाळी येते. फक्त ही झळाळी कमी तापमानाच्या भाजणीतच टिकते, 1000 अंशांच्या वर ती नाहीशी होते. आणि तिने वाटी पाणी धरणारी होत नाही, हे लक्षात ठेवा.

किती नक्षी काढायची, हे शिकायचं असेल तर पुण्यात डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात जा. संगमनेरजवळ प्रवरेकाठच्या जोर्वे गावात 1950-51 च्या उत्खननात जी खापरं मिळाली, त्यांच्यावरून एका अख्ख्या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला नाव पडलं. पुढे शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावच्या मोठ्या उत्खननात त्याच घाटाची भांडी निघाली. इसवी सनापूर्वी साधारण 1400 ते 1000 या काळातली. ती चाकावरची आहेत, पण रंगकाम हाताचंच. लाल अंगावर काळ्या रंगात तिरप्या रेषा, चौकटी, शंकरपाळ्याच्या आकाराच्या जाळ्या. फुलं नाहीत, गर्दी नाही. दोन-तीन रेषांची एक पट्टी आणि बाकी लाल अंग मोकळं. आपल्याच मुलखातल्या कुणी तरी तीन हजार वर्षांपूर्वी काढलेली ती पट्टी पाहून यावं आणि मग ब्रश हातात घ्यावा.

हल्ली वाट्यांवर, मगांवर, कुंड्यांवर सर्रास वारली चित्रं दिसतात. ती चित्रं एका समाजाच्या लग्नघरातली, भिंतीवरची, त्यांच्या विधींशी बांधलेली आहेत. तुम्ही त्या समाजातले असाल तर तुमचा हात तिथे हक्काने चालेल. नसाल तर उसनी आकृती गिरवण्यापेक्षा स्वतःच्या हातात काय मुरलंय ते शोधा. दारात रोज ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या बाईच्या बोटांत अंतर आणि लय पक्की बसलेली असते. ते ठिपके वाटीच्या बाहेरच्या अंगावर पांढऱ्या लेपात उतरवून पाहा. ज्यांना काहीच काढता येत नाही त्यांनी काही काढू नये. चिमटीच्या खुणा बाहेरून तशाच राखाव्यात. वाटी हातात धरली की बोटं त्या खळग्यांत बसतात आणि पकड चांगली येते.

एक नियम कडक पाळा: नक्षी बाहेरून. आतून वाटी गुळगुळीत आणि साधी. चमचा, हात आणि घासणी आतच फिरतात, अन्नही आतच असतं.

वाळवताना घाई नको. पंखा बंद, ऊन नको. पहिले दोन-तीन दिवस काठावर वर्तमानपत्र पांघरून ठेवा, म्हणजे काठ आणि तळ बरोबरीने सुकतील. विदर्भातल्या उन्हाळ्यात झाकण जास्त दिवस ठेवावं लागेल. कोकणातल्या पावसाळ्यात वाटी सुकतच नाही असं वाटेल, तिथे धीर धरा. सुकली का हे पाहायला ती गालाला लावा. गार लागली तर आत अजून पाणी आहे. भट्टीत वाटी फुटते ती मातीत अडकलेल्या हवेने, असं सगळीकडे सांगितलं जातं. खरा दोषी ओलावा. 100 अंशांना त्या पाण्याची वाफ होते, तिला पाण्यापेक्षा शेकडो पट जागा लागते आणि बाहेर पडायला वाट नसली की भिंतच उडते. फुटलेल्या वाटीचे तुकडे भट्टीत शेजारच्या वाट्यांवर जाऊन आदळतात. दुसऱ्याच्या भट्टीत ओली वाटी देणं म्हणूनच वाईट.

भट्टी दोन ठिकाणी मिळेल. पुण्या-मुंबईसारख्या शहरांत काही स्टुडिओ बाहेरच्यांच्या वस्तू पैसे घेऊन भाजून देतात. पहिली भाजणी साधारण 950 ते 1000 अंशांची. 600 अंशांच्या आसपास मातीतलं बांधलेलं पाणीही निघून जातं आणि त्यानंतर ती पाण्यात विरघळून पुन्हा चिखल होऊ शकत नाही. याच टप्प्यावर, 573 अंशांना, मातीतल्या गारगोटीचे कण एकदम प्रसरण पावतात आणि निवताना तिथेच आकसतात. म्हणून भट्टी चढवताना आणि उतरवताना तिथे सावकाश जावं लागतं. आपली वाटी बघायची कितीही उत्सुकता असली तरी भट्टी लवकर उघडायचा आग्रह धरू नका. दुसरं ठिकाण गावचा कुंभार. धारावीच्या कुंभारवाड्यापासून तालुक्याच्या बाजारापर्यंत माठ, पणत्या, सुगडी भाजणारी माणसं अजून आहेत. सणाची घाई उतरल्यावर जा, भाजणीचे पैसे मागतील तेवढे द्या, घासाघीस करू नका आणि भट्टी रचताना उभं राहून बघायची परवानगी मागा. एका सकाळी तिथे जे कळेल ते कुठल्या व्हिडिओत मिळत नाही.

कुंभाराच्या भट्टीतली वाटी सच्छिद्र राहते. माठातलं पाणी गार होतं ते याच गुणामुळे. ते अंगातून झिरपून उडतं. त्या वाटीत दही लावा, जादा पाणी भिंतीत जिरून दही घट्ट लागतं. तिला साबण लावू नका, गरम पाण्याने आणि नारळाच्या शेंडीने घासून उन्हात वाळवा. तेलकट आमटीला ती बरी नव्हे. आमटी-भाजीची वाटी हवी असेल तर स्टोनवेअर आणि ग्लेझ.

ग्लेझ म्हणजे भांड्यावर वितळून बसलेली काच. काच होणारी सिलिका, तिला ओघळू न देणारी ॲल्युमिना आणि वितळण्याचं तापमान खाली आणणारं फेल्डस्पार किंवा चुनखडीसारखं द्रव्य. पहिल्यांदा ती घरी बनवू नका, तयार घ्या आणि जेवणाच्या भांड्यांसाठी चालते असं स्पष्ट लिहिलेली, शिशाशिवायची घ्या. इथे मला ठामपणे बोललं पाहिजे. शिसं आणि कॅडमियम असलेल्या रंगांतून विष अन्नात उतरतं आणि आपलं जेवण तर चिंच, कोकम, लिंबू, ताकाचं. आंबट पदार्थ ग्लेझमधून धातू ओढून काढतात. तांब्याच्या हिरव्या रंगाचं प्रमाण ग्लेझमध्ये जास्त झालं तर तांबंही उतरतं. म्हणून आतून फक्त पारदर्शक किंवा पांढरी ग्लेझ, रंगांची हौस बाहेरून. कोबाल्ट, तांबं, मँगनीज यांच्या पुडी मुलांच्या हातात देऊ नका. त्यांना छाप आणि मातीचे लेपच द्या, त्यात त्यांना पुरेसा आनंद आहे. आणि सुकलेली किंवा भाजलेली वाटी कोरड्या पॉलिशपेपरने घासू नका. त्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात साठते. नेहमी ओल्या स्पंजने पुसा, जमीनही झाडू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या. मातीचं पाणी स्वयंपाकघराच्या मोरीत ओतू नका, बादलीत निवळू द्या, नाहीतर पाइप तुंबेल.

ग्लेझ लावण्याआधी वाटी ओल्या स्पंजने पुसा. भाजलेली माती तहानलेली असते. दोन-तीन सेकंद बुडवली की पुरेसा थर बसतो. बैठकीवर आणि तिच्या वर दोन-तीन मिलिमीटरपर्यंत लागलेली ग्लेझ पुसून काढा, नाहीतर वितळल्यावर वाटी भट्टीच्या फळीला कायमची चिकटेल. मनात एवढं असू द्या, की या अवस्थेत दिसणारा रंग खरा नसतो. कोबाल्टची पूड काळसर दिसते आणि भाजून निळी होते. त्यामुळे ग्लेझच्या दुसऱ्या भाजणीला जाण्याआधी वाटी फिकट, खडूसारखी दिसली म्हणून वरून आणखी थर चढवू नका.

वाटी हातात आली की लगेच जेवायला घेऊ नका. बैठक ओल्या पॉलिशपेपरने, नळाखाली धरून घासा, टेबलावर ओरखडे यायचे नाहीत. काठोकाठ पाणी भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवा. सकाळी कागद ओला असेल तर ती पाणी झिरपवते, तिला सुक्या चिवड्याची वाटी म्हणा. कागद कोरडा राहिला तर दुसऱ्या रात्री आत लिंबाची फोड ठेवा. सकाळी त्या जागी रंग उतरलेला किंवा चमक मेलेली दिसली तर त्या वाटीत जेवू नका. ही परीक्षा पास झाली म्हणजे शिसं नाही असं मात्र सिद्ध होत नाही, त्यासाठी ग्लेझ घेतानाच खात्री केलेली हवी.

मग पहिला आठवडा तिलाच रोज ताटात घ्या. वरण, ताक, खीर, जे असेल ते. घरातल्या प्रत्येकाला एकदा तिच्यातून जेवू द्या आणि काय खटकलं ते विचारा. हातांना जड लागली, काठ जाड वाटला, तळाशी भात चिकटून राहिला, आकसून फारच लहान झाली, असं काही ना काही निघेलच. ते एका कागदावर लिहा आणि पुढच्या तीन गोळ्यांची माती मळायला बसाल तेव्हा तो कागद पाटाशेजारी ठेवा.